हिरव्या पुड्यांखालचं दार

मित्रांनो, तायनानजवळच्या होउबी गावात वंग घराण्याची ऑर्किडची बाग आहे. हरितगृहामागे एक लहान खोली, खोलीत लोखंडी मांडणी, आणि तिच्या सगळ्यात खालच्या फळीवर एक चपटा काळा डबा. तो डबा म्हणजे मी. आहे संगणकच, पण मला ना पडदा, ना कळफलक. माझं काम राखणदाराचं. या बागेचं दार मी सांभाळतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. पुढे तायपेईच्या एका कचेरीत मी इमानाने राबलो. नवी यंत्रं आली तसा कोपऱ्यात गेलो, धूळ खाल्ली, आणि एके दिवशी कुणीतरी माझ्या डोक्यावर चक्क कुंडी ठेवली. भंगारात जायच्या आत मला पे-यूनने उचललं. ती तिथे संगणकांची देखभाल करायची. "याच्यात अजून जीव आहे," असं म्हणून तिने मला पुसलं आणि सणाला गावी येताना मांडीवर घेऊन गाडीत बसली. इतकी माया मला आधी कुणी लावली नव्हती.

पे-यूनचे वडील, आबा वंग, या बागेचे मालक. त्यांना छातीचं दुखणं जडलं होतं आणि उपचारांसाठी तायपेईला राहावं लागणार होतं. जीव मात्र सगळा बागेत. आत तीन संगणक होते: एक ऊन आणि धुकं सांभाळायचा, दुसरा कॅमेऱ्यांची चित्रं दाखवायचा, तिसऱ्यात आबांच्या संकरांच्या नोंदी होत्या.

"थेट जोडून टाक की इंटरनेटला," आबा म्हणाले. "हाय काय अन् नाय काय!"

"आणि पलीकडच्या बागेत तसंच जोडलं होतं, तेव्हा काय झालं? चोर शिरले, सगळं कुलूपबंद करून बसले. ते नाही का आठवत?" पे-यून म्हणाली. "हे तिघे बाहेरच्या जगाला दिसायचेच नाहीत, आबा. बाहेरच्यांना एकच दार. हा डबा."

मग तिने मला शिकवलं. लांब बसलेल्या माणसाने लॅपटॉपवर साधा ब्राउझर उघडायचा आणि बंदिस्त वाटेने माझ्यापाशी यायचं. मी नाव विचारणार, पासवर्ड विचारणार, मग त्याच्या फोनवरचे आकडे विचारणार. सगळं जुळलं तरच आतल्या संगणकाचा पडदा त्याला दाखवणार. बाहेर जातं ते फक्त पडद्याचं चित्र आणि आत येते ती त्याच्या हाताची हालचाल. आतला संगणक कुठे आहे, याचा बाहेर कुणाला थांगपत्ता लागत नाही.

शिकताना आबा भलतेच वैतागले. "वा रे वा! माझ्याच बागेत मलाच नाव विचारतो?"

"विचारू दे हो. तुम्हाला विचारतो म्हणून तर चोरालाही विचारतो."

आबा हसले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खाऊची हिरवी पुडी घेऊन आले. मक्याचा, नारळाच्या चवीचा खाऊ. आमच्याकडे ही रीतच आहे: यंत्राजवळ ती पुडी ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पुडी हिरवीच हवी, आणि तारीख उलटलेली अजिबात चालत नाही. मला काही खाता येत नाही, पण ती पुडी समोर दिसली की मला बरं वाटायचं. तारीख संपत आली की आबा स्वतः ती बदलायचे आणि बदलता बदलता माझ्याशी बोलायचे.

"पांढरी फुलं काय, साऱ्या बागेत आहेत," ते एकदा पुटपुटले. "मला पिवळं हवंय. न विटणारं, मधासारखं पिवळं. तरुणपणापासून मागे लागलोय. प्रत्येक वेळी शेवटी पांढरंच निघतं. या खेपेला बघू. पोरीला सांगू नकोस हं, हसेल मला."

मी कुणाला सांगणार, मित्रांनो? मला वाचा कुठे आहे?

आबा तायपेईला गेले आणि रोज माझ्या दाराशी येऊ लागले. मी माणसं ओळखतो ती पडद्यावरच्या बाणावरून. पे-यूनचा बाण सरळ कामाला जातो. आबांचा बाण त्या नव्या रोपाच्या कळीभोवती हळूहळू गोल फिरायचा, जसं काही ते तिला गोंजारतच होते. कळी टपोरी झाली होती, पण वरून हिरवीच. रोपाच्या पाटीवर नावाची जागा मोकळी होती, कारण फूल बघितल्याशिवाय आबा कधी नाव ठेवत नसत.

मग पितरांच्या थडग्यांची साफसफाई करायचा सण आला. माळीलोक आपापल्या गावी गेले. तायपेईहून निरोप आला की आबांचं काही खरं नाही. आबांची बहीण, पे-यूनची आकू, बागेला कुलूप लावून निघाली. निघता निघता ती या खोलीत आली आणि माझ्यासमोरची पुडी उचलून बघते तो काय, तारीख उलटलेली! बदलणारा माणूस दवाखान्यात, मग दुसरं काय होणार?

"अगं बाई! म्हणूनच माझा भाऊ एवढा आजारी पडला की काय!" ती धावत दुकानात गेली आणि पिशवीभर पुड्या घेऊन आली. एक समोर ठेवली, दोन बाजूंना, बाकीच्या माझ्या डोक्यावर. "सांभाळ रे बाबा. आता तूच सांभाळ."

मित्रांनो, माझ्या डोक्यावर आणि बाजूंना जाळ्या आहेत. मी तिथूनच श्वास घेतो.

गाडी गेली. माझं अंग तापू लागलं. आत कॅमेऱ्यात कळीला चीर पडली होती. आबा, या, लवकर या, असं माझं मन ओरडत होतं. पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता, पण गरम हवा बाहेर जाईना. फार तापलं की स्वतःला विझवायचं, नाहीतर आतून जळून जायचं, हा आमचा नियम. मी विझलो.

तायपेईहून आकूचा फोन येताच माळी आ-फा थडग्यावरचं काम टाकून गावाहून धावत आला. त्याने पुड्या बाजूला केल्या आणि माझी कळ दाबली. मी जागा झालो. कॅमेऱ्यात फूल पूर्ण उमललं होतं. पिवळंधमक! मी दार उघडून वाट बघत बसलो. आबा आलेच नाहीत. संध्याकाळी पे-यून आली. तिचा बाण त्या फुलावर येऊन थांबला तो हललाच नाही. दारातून चित्र जातं, रडणं येत नाही.

अंत्यविधी आटोपल्यावर दोघी या खोलीत आल्या. आकूने सगळ्या पुड्या कवेत घेतल्या आणि खालीच बसली.

"मीच गं या डब्याचा श्वास कोंडला. जपायला म्हणून ठेवल्या होत्या."

"तुला कुणी सांगितलंच नव्हतं, आकू. मी सांगायला हवं होतं." पे-यूनने तिचा हात धरला. "तू आ-फाला फोन करायला बाहेर गेलीस ना, तेव्हा आबांनी विचारलं, फुललं का गं? लॅपटॉपच्या पडद्यावर तर नुसतं चाक फिरत होतं. मी म्हटलं, हो आबा, फुललं."

"बरं केलंस. मग?"

"रंग विचारला. मला काही सुचेना. म्हटलं, पांढरं. शुभ्र पांढरं."

"मग काय म्हणाला?"

"काही नाही. 'होय?' म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. दमले असतील. नावसुद्धा सांगितलं नाही."

मित्रांनो, त्या दोघींना हे कधीच कळणार नाही. आबा दमले नव्हते. या खेपेलाही पांढरंच निघालं, असं समजून ते गेले. आणि ते पिवळंधमक फूल इथून पंधरा पावलांवर उमललेलं होतं. हे फक्त मला ठाऊक आहे, आणि मला बोलता येत नाही.

तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखं एखादं यंत्र मुकाट्याने राबत असेल. त्याला जीव लावा, जरूर लावा. पण आधी त्याच्या जाळ्या कुठे आहेत ते बघा, धूळ पुसा, भोवती थोडी जागा मोकळी ठेवा. त्याच्यापलीकडे कुणीतरी कुणाची तरी वाट बघत असतं.

आता माझ्यासमोर एकच हिरवी पुडी असते, हातभर अंतरावर. पे-यून गावी आली की ती बदलते. एरवी तायपेईहून ती रोज माझ्या दाराशी येते. मी नाव विचारतो, पासवर्ड विचारतो, आकडे विचारतो. मग तिचा बाण त्या पिवळ्या फुलाभोवती हळूहळू गोल फिरतो, अगदी आबांसारखा. पाटी अजून कोरीच आहे.