हो म्हणणारी माणसं

दातांच्या त्या दवाखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. डॉक्टर तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, ते म्हणतच. पण सत्तरी ओलांडलेले पेशंटही म्हणत. बाहेरच्या खोलीतलं टेबल, फोन आणि अपॉइंटमेंटचं लांबलचक रजिस्टर अकरा वर्षं तिच्या ताब्यात होतं.

पूर्वी सगळा कारभार आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय असा होता. दहाची वेळ दिलेला माणूस साडेअकराला आत जाई, आणि दुपारी खुर्ची रिकामी. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, आता यावर तुम्हीच काहीतरी करा. ताईने ते मनावर घेतलं. कुठल्या कामाला किती मिनिटं लागतात ते दोन महिने घड्याळ लावून टिपलं आणि दिवसाची वाटणी केली. रूट कॅनल, कॅप अशी लांब कामं सकाळी, डॉक्टरांचा हात ताजा असताना. दात साफ करणं, टाके काढणं, कवळी घासून देणं हे जेवणानंतर. दुखत असेल त्याला त्याच दिवशी घ्यायचं. बाकी अपॉइंटमेंटशिवाय कोणी आत जायचं नाही. तीन महिन्यांत पेशंट दीडपट झाले आणि डॉक्टर सातच्या आत घरी जायला लागले. त्यांची बायको मुद्दाम येऊन ताईचे आभार मानून गेली.

एक गोष्ट मात्र ताईने कोणाला सांगितली नव्हती. वेळापत्रक कितीही नीट आखलं तरी एखादं काम लांबतंच, आणि मग कोणाला तरी पुढे ढकलावं लागतं. भांडकुदळ माणसाला ढकललं तर अर्धा तास फोनवर जातो. म्हणून जी माणसं निमूट हो म्हणत, त्यांच्या नावापुढे ती पेन्सिलीने बारीकसा ठिपका देऊन ठेवी.

मास्तरांच्या नावापुढे तो ठिपका होता.

मास्तर चौसष्ट वर्षांचे, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. खालच्या दाढांची कवळी त्यांनी याच दवाखान्यात बसवून घेतलेली. त्यांनी फोन केला, की कवळीच्या कडेला हिरडीवर काहीतरी खडबडीत लागतंय, जीभ सारखी तिथेच जाते. ताईने नेहमीप्रमाणे विचारलं, दुखतंय का? मास्तरांनी जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं, दुखत नाही. ताईने लिहून घेतलं: कवळी घासणे, दहा मिनिटं.

ठरलेल्या दिवशी सकाळचं रूट कॅनल जेवणाच्या वेळेपलीकडे गेलं. ताईने मास्तरांना फोन करून तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली. तेव्हा एक मुलगी परदेशी निघाली होती, तिची कॅप बसवायची राहिली होती. परत फोन. दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, काही हरकत नाही, तुमच्या सोयीने.

मग एका दुपारी ते स्वतःच आले, हातात क्लॅरिनेटची पेटी. इकडूनच चाललो होतो, म्हटलं जागा असली तर बघावं, असं म्हणाले. त्या वेळी एक पेशंट आलाच नव्हता. खुर्ची वीस मिनिटं रिकामी होती आणि डॉक्टर आत चहा घेत होते. पण सकाळीच ताईने दोघांना अपॉइंटमेंट नाही म्हणून परत पाठवलं होतं. एकाला सोडलं की उद्या चार उभे राहतील. शिवाय त्या वीस मिनिटांत तिला महिन्याभरात किती पेशंट झाले त्याचा तक्ता पुरा करून डॉक्टरांना दाखवायचा होता. हे कारण तिने स्वतःशी कबूल केलं ते फार नंतर.

मास्तरांनी बोटाने ओठ बाजूला करून तिला दाखवायचा प्रयत्न केला. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"अहो, मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "डॉक्टरच बघतील."

तिने पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. बरं, म्हणून ते गेले.

त्या तारखेला दहा मिनिटांची चाळीस झाली. ताई घड्याळाकडे बघत चुळबुळ करत होती, तेवढ्यात डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"ताई, यांनी पहिला फोन कधी केला होता?"

तिने पानं उलटली. सात आठवडे झाले होते. तिच्याच टेबलापाशी उभं राहून डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली.

कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला. तिथले सर्जन म्हणाले, सात आठवड्यांनी फरक पडला की नाही, ते कोणीच सांगू शकणार नाही. डॉक्टर तिला म्हणाले, खुर्ची रिकामी नको हा धोशा माझाच होता. नवरा म्हणाला, तू काय डॉक्टर आहेस? सगळ्यांचं बरोबर होतं. पण रिकामी खुर्ची तिने पाहिली होती, आणि ओठ ओढून उभा असलेला माणूसही.

तिने रजिस्टर काढून ठिपके मोजले. एकतीस निघाले. त्या आठवड्यात तिने एकतीस जणांना फोन करून बोलावून घेतलं. बहुतेकांचं काही विशेष नव्हतं. काहीजण उलट तिचेच आभार मानत होते, ते तिला ऐकवेना.

महिन्याभराने ती मास्तरांच्या घरी गेली. मुलीने दार उघडलं. मास्तर खिडकीपाशी बसले होते, गालाखालचा भाग आत ओढल्यासारखा, शब्द जड. ताईने पाणीसुद्धा न घेता ठिपक्याचं सांगितलं, रिकाम्या खुर्चीचं सांगितलं, तक्त्याचंही सांगितलं. मुलगी उठून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

मास्तर तिच्याकडे वळून बसले.

"दुखतंय म्हणालो असतो, तर पहिल्याच दिवशी घेतलं असतं?"

"हो."

"म्हणजे खोटं बोलायला हवं होतं."

ते चेष्टा करतायत की काय, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. चेहराच पूर्वीसारखा राहिला नव्हता.

"तुम्ही आलात ते बरं केलंत," ते सावकाश म्हणाले. "पण जाऊ द्या, झालं ते झालं, असं मी म्हणावं असं वाटत असेल, तर ते मला आज जमायचं नाही."

"नका म्हणू," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांकडून रोजच्या दोन वेळा मोकळ्या ठेवायला मागून घेतल्या. त्या दोन्ही वेळा रिकाम्या गेल्या तर डॉक्टर सुरुवातीला कुरकुर करत, मग तेही थांबलं. फोनवर ती आता दुखतंय का एवढंच विचारत नाही. काय जाणवतं आणि किती दिवसांपासून, तेही विचारते. पंधरा दिवसांच्या वर असेल तर दुखो न दुखो, त्याच दिवशी बोलावते.

याला वर्ष होऊन गेलं. आजार परतला नाही. क्लॅरिनेट मात्र मास्तरांच्या तोंडात ठरत नाही. ते आता बँडची तालीम घेतात, दुसऱ्यांच्या चुका काढतात. तपासणीला येतात तेव्हा डॉक्टरांशी गप्पा मारतात, ताईशी कामापुरतं बोलतात. ती जास्त काही विचारत नाही.

परवा तिने त्यांना पुढची तारीख दिली, तर म्हणाले, त्या दिवशी जमणार नाही, तालीम आहे. तिने पान उलटून दुसरा दिवस शोधला.