हाकेचं गाणं करणारा पाहुणा

मी ढकलगाडी बोलतेय, आणि रागानं बोलतेय. चार चाकं, एक फळी आणि वर वेताची खुर्ची, एवढाच माझा संसार. जपान्यांनी तैवानच्या डोंगरात अरुंद रूळ टाकले. साहेब लोक माझ्यावर बसायचे, आमची माणसं ढकलायची. मला आ-थियाम ढकलायचा. उतारावर मागे लटकून ब्रेकही तोच धरायचा.

एका हिवाळ्यात तोक्योहून होसोया आले. मुलांसाठी गोष्टी लिहायचे. आ-थियामच्या पोरीला, किम-हुआला, त्यांनी खाऊसुद्धा दिला. पण उतार लागला आणि त्यांना हौस आली.

"अजून जोरात!"

"साहेब, ब्रेकचं लाकूड झिजलंय हो!" आ-थियाम आमच्या बोलीत म्हणाला. होसोयांना ती कुठे कळत होती! ते हसत वही उघडून बसले.

वळणावर आ-थियामचा पाय माझ्या चाकाखाली सापडला. तो खाली पडून ओरडत राहिला, "किऊ-लाङ! किऊ-लाङ!" म्हणजे वाचवा, वाचवा! मी मेली घरंगळत सपाटीवर जाऊन थांबले. होसोया उतरले आणि चहाला गेले. मागे कोण राहिलं, हे वळून बघायचंही त्यांना सुचलं नाही.

दोन वर्षांनी शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा आला. त्यात आनंदी ढकलगाडीवाला 'किऊ-लाङ, किऊ-लाङ' गात उड्या मारतो! जपानी मास्तरांनी त्याला चाल लावली, टाळ्या बसवल्या. तोवर मला मोडीत काढून शाळेमागे टाकलं होतं. माझ्यावरच बसून किम-हुआनं बापाला तो धडा सांगितला.

"उद्या तपासनीस येणार, बा. मला पुढं उभं राहून गायचंय."

"मग गा की. उगा मार खाशील."

"हसत गा म्हणालेत."

आ-थियाम नुसता पाय चोळत बसला.

दुसऱ्या दिवशी किम-हुआ उभी राहिली आणि हसली नाही. बाप जसा ओरडला होता, तशीच जिवाच्या आकांतानं ओरडली. शेतातल्या बायका हातातलं टाकून शाळेकडे धावल्या. पुरुष धावले, कुत्री धावली.

"ही माणसं का आलीत?" तपासनीसांनी विचारलं.

"मला वाचवायला," किम-हुआ स्वच्छ जपानीत म्हणाली. "त्या शब्दाचा अर्थच तो आहे, साहेब."

मास्तरांनी तिच्या थोबाडीत मारली. धडा पुस्तकात तसाच राहिला. मी इथं गंजून चाललेय, त्याचं मला काही नाही. पण होसोया, तुम्ही कुठं असाल तिथं ऐका. त्या दिवशी सगळ्यांत शेवटी एक लंगडा माणूस धापा टाकत शाळेच्या दारात पोचला होता. त्याला तरी एकदा विचारायचं होतंत, तू काय गात होतास म्हणून.