पाय वर घेऊन बसण्याची मुभा

सकाळचं ड्रेसिंग म्हणजे त्या घरातला एक सोहळाच झाला होता. दादा पुढच्या खोलीत दोन उशांवर पाय ठेवून पडलेले, सासूबाई उशाशी, मुलगा दाराला टेकून, आणि मधोमध सून. ती मोठ्या इस्पितळात जखमांच्या विभागात परिचारिका होती, म्हणून घरातही सगळे तिला ‘सिस्टर’च म्हणत. हृदयाच्या ऑपरेशनसाठी दादांच्या पायातली शीर काढली होती. तिथले टाके उसवून पोटरीला खोल जखम झाली होती. सिस्टरनं जखमेच्या मापाचा स्पंज कापून आत बसवला, वरून पारदर्शक पडदा चिकटवला आणि नळी यंत्राला जोडली. यंत्र घुरघुरू लागलं, जखमेतलं पाणी नळीतून डब्यात ओढलं जाऊ लागलं.

“ही माझी दुसरी बायको,” दादा म्हणाले. “चोवीस तास कुरकुरते.”

“निदान हिचं ऐकता तरी,” सासूबाईंनी सुनावलं, आणि सगळे हसले.

तेवढ्यात काकू गरम पाण्याचं भांडं घेऊन आल्या आणि ते उंबऱ्याशीच ठेवून परत फिरल्या. काकू म्हणजे दादांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ ऐन तिशीत गेला, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून काकू मागच्या कामाच्या खोलीतच राहत. घरचा धंदा शाळेचे गणवेश शिवण्याचा. शिलाईला माणसं ठेवलेली होती, इस्त्री मात्र काकूंची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, उभ्यानं, बावीस वर्षं. त्यांच्या डाव्या पायाला अस्तराच्या कापडाचं फडकं गुंडाळलेलं असे आणि त्याला एक दर्प येई. पुढच्या खोलीत येऊ नका, असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्या आल्या की कुणीतरी उठून खिडकी उघडायचं, एवढंच.

सिस्टरला तो दर्प चांगला ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिनं विचारलं होतं, “काकू, पायाला काय झालंय?” “काही नाही गं, राहू दे,” त्या म्हणाल्या होत्या, आणि तिनं राहू दिलं होतं. नव्या घरात कशाला नसती उठाठेव!

दादांची जखम महिन्याभरात भरत आली. यंत्र काढलं त्या दुपारी, नळी गुंडाळून ठेवता ठेवता सिस्टरला एकाएकी स्वतःची लाज वाटली. ती उठली ती थेट मागे गेली.

“काकू, इस्त्री बंद करा आणि बसा.”

“अगं, एवढा गठ्ठा उरकायचाय.”

“बसा म्हणते ना!”

फडकं जखमेला घट्ट चिकटलं होतं. कोमट पाण्यानं भिजवत भिजवत तिनं ते सोडवलं. घोट्यापासून अर्ध्या पोटरीपर्यंत कातडी उरलीच नव्हती.

“किती दिवस झाले?”

“सहा वर्षं असतील. आधी खाजायचं, मग काळं पडलं, मग फुटलं.”

“आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“बोलायचं काय त्यात? सगळ्यांना वास येतच होता की.”

सिस्टरची मान खाली गेली. जखमेभोवतीचं पाणी टिपत ती म्हणाली, “हा पाय बरा होऊ शकतो, काकू. पायाला रक्त नीट पोचतंय ना, ते आधी तपासू. जखम साफ करू, लागलं तर यंत्र लावू, मग थरांची दाबपट्टी बांधू. पण काही महिने उभं राहायचं नाही. पाय वर घेऊन बसायचं.”

काकूंना हसू आवरेना. “पाय वर घेऊन? मी? आणि इस्त्री काय तुझा सासरा करणार?”

जेवताना सिस्टरनं विषय काढला. ‘नको’ असं कुणीच म्हटलं नाही.

“करू की,” दादा म्हणाले. “शाळा उघडायला तीन आठवडे राहिलेत. माल गेला की घेऊन जा.”

“इतकी वर्षं काढली तिनं, तीन आठवड्यांनी काय बिघडतंय?” सासूबाई म्हणाल्या. “तिला या घरानं कधी परकं मानलं नाही हो.”

नवऱ्यानं डोळ्यांनीच खुणावलं, जरा दमानं घे. दादांच्या जखमेसाठी कुणी तीन तासही थांबलं नव्हतं, हे सिस्टरच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते घासाबरोबर गिळलं. रोज कामावर जाण्याआधी ती काकूंचा पाय धुऊन बांधायची, आणि तिची पाठ वळली की काकू पुन्हा इस्त्रीला उभ्या राहायच्या.

सोळाव्या दिवशी विभागात फोन आला. काकू इस्त्रीच्या टेबलापाशीच कोसळल्या होत्या. अंगात फणफणून ताप, पाय मांडीपर्यंत सुजलेला, विष रक्तात भिनलेलं.

“सिस्टर, ह्या तुमच्या घरातल्या?” सर्जननं विचारलं. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. तेच तिला सोसवेना.

पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी काकू नीट शुद्धीवर आल्या. त्यांनी चादरीवरून हात फिरवला, जिथे पाय संपत होता तिथे तो थांबला.

“चला,” त्या म्हणाल्या, “आता मला कुणी उभी राहा म्हणणार नाही.”

आणि मग त्या रडल्या. नवरा गेल्यापासून त्यांना रडताना घरातल्या कुणी पाहिलं नव्हतं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी दादा आणि सासूबाई भेटायला आले. “मागच्या खोलीत खाट टाकून ठेवलीय,” सासूबाई बाहेर व्हरांड्यात म्हणाल्या. “बसल्या बसल्या काजं-बटणं करील. तिचाही वेळ जाईल.” त्या अगदी मायेनं बोलत होत्या.

“नाही,” सिस्टर म्हणाली. “काकू आमच्या खोलीत राहतील. आणि त्या सुई हातात धरणार नाहीत.”

“मग तुम्ही दोघं कुठे?”

“मागच्या खोलीत.”

“लोक काय म्हणतील?” दादा पुटपुटले.

“म्हणू देत. चार वर्षं तो वास घेत मी रोज त्यांच्यासमोरून गेले, दादा. तुम्हाला कळत नव्हतं, मला कळत होतं. ते पाप माझं. पण मी सांगितल्यानंतरचे सोळा दिवस आपल्या सगळ्यांचे आहेत.”

जिना उतरताना दादांनी कठड्याला धरलं होतं.

सिस्टर पुन्हा कामावर रुजू झाली, त्या दिवशी विभागात एक दुकानदार आला होता. त्याच्या पायाची जखम यंत्रानं छान भरली होती, आणि तो खुशीत चपला घालत होता.

“घरात आणखी कुणाला जखम आहे?” तिनं विचारलं.

“नाही बुवा.”

“नीट आठवून सांगा. घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं?”

तो गोंधळला. “आत्या. ती आमच्याकडेच असते.”

“तिचे पाय कसे आहेत?”

दुकानदारानं स्वतःच्या भरलेल्या पायाकडे पाहिलं. “पाहिले नाहीत कधी.”

“उद्या त्यांना घेऊन या,” सिस्टर म्हणाली, आणि नोंदवही पुढे ओढून तिनं पेन उघडलं. “नाही जमलं, तर पत्ता सांगून ठेवा. मी येते.”