मिठाच्या बरणीखालचा डाग

तांब्याचा हंडा आमसुलाने घासला की लखलखतो. मग दगडाला काय धाड भरली आहे, असं म्हणत आनंदीबाईंनी सुनेचा, शमिकाचा, नवा संगमरवरी ओटाही आमसुलानेच घासला. आंबटाने चकाकी गेली आणि बशीएवढा निस्तेज डाग पडला. त्यांनी गुपचूप त्यावर मिठाची बरणी ठेवली.

चार दिवसांनी मुलाने, विनीतने, विचारलं, "ही बरणी इथे मध्येच कशाला?"

आनंदीबाईंनी घाईघाईने बरणीवर हात ठेवला.

"मीच ठेवलीय. हाताशी बरी पडते," शमिका म्हणाली.

तेव्हा कुठे सासूच्या ध्यानात आलं, की ओटा रोज हीच पुसते, तोही बरणी उचलून.

त्या दुपारी सुरमईची मोठी तुकडी पहिल्यांदाच विनीतच्या ताटात न पडता सुनेच्या ताटात पडली.