पंचाण्णव नंबरची माणसं

सु-च्युने तीन दिवस कानांतून हेडफोन काढला नव्हता. चारशे सदतीस फोनची रेकॉर्डिंग तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दक्षिण तैवानमधल्या त्या विद्यापीठाच्या मतचाचणी खोलीत असं कोणी करत नाही. फोनवाल्या बायका उत्तराचा नंबर दाबतात, नंबरांचा तक्ता होतो आणि तक्त्याचा अहवाल. या वेळचा प्रश्न किनाऱ्यावरच्या गावांना होता : कचरा जाळायची भट्टी उत्तरेला हवी की दक्षिणेला? उत्तरेला म्हटलं की एक, दक्षिणेला म्हटलं की दोन. मत नसेल तर पंचाण्णव. पंचाण्णववाल्यांना हिशोबातून वगळायचं, ही खोलीची जुनी रीत.

एक हजार अडुसष्ट माणसांपैकी चारशे सदतीस पंचाण्णव! एवढी माणसं मुकी कशी? म्हणून ती ऐकायला बसली.

आणि मुकं तर कोणीच नव्हतं. कालवं फोडणारी एक म्हातारी म्हणत होती, "पोरी, डाव्या गालावर मारू का उजव्या, असं विचारतेस होय? आधी मारायचं कोणी ठरवलं ते सांग." एकाने उलट विचारलं होतं, "तुमच्या प्राध्यापकांच्या घरामागे जागा नाही का?" खरंच मत नसलेले फक्त अठ्ठावन्न निघाले. बाकी तीनशे एकोणऐंशी जणांनी प्रश्नच झिडकारला होता.

दुपारी दोनला चाचणीचा निकाल ऐकायला पत्रकार येणार होते. अकरा वाजता ती खोलीचे प्रमुख लियाओ सर यांच्यासमोर उभी राहिली.

"उत्तरेला तीनशे बावन्न, दक्षिणेला दोनशे एकोणऐंशी. सर, सगळ्यात मोठा गट तर आपण कचऱ्यात टाकलाय."

"टाकला नाही, वगळला," सर चष्मा पुसत म्हणाले. "बाई, काय असावं ते तत्त्वज्ञानवाल्यांना विचार, ते वरच्या मजल्यावर बसतात. आपण काय आहे तेवढं सांगतो."

"काय आहे तेच सांगतेय मी! सरकारने दोन पर्याय दिले की त्यातलाच एक घ्यायचा, तिसरं बोलेल त्याला मत नाही, हे तत्त्वज्ञान नाही तर काय आहे? आपण ते नंबराखाली लपवलंय, एवढंच."

सरांचा चेहरा उतरला. "लष्करी कायद्याच्या काळात लोकांची मतं विचारत फिरलो म्हणून मला अकरा दिवस आत टाकलं होतं. आपण फक्त मोजतो, आपलं काही म्हणणं नाही, असं सांगून सुटलो मी. ते वाक्य हलकं समजू नकोस."

"हलकं नाही समजत. पण विचारू नये ते तुम्ही विचारलंत म्हणून तर आत टाकलं. तेव्हा नुसते मोजत होता का, सर?"

सरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "अहवाल सकाळीच सरकारकडे गेला. त्यावर तुझाही शिक्का आहे."

सु-च्युने तो मारला नव्हता. नोकरीला लागताना सगळ्यांसारखा तिनेही सहीऐवजी चालणारा आपल्या नावाचा शिक्का कचेरीत ठेवला होता. पगारपत्रक असो की अहवाल, कचेरी सांभाळणाऱ्या आ-फेंग ताई ड्रॉवर उघडून ठप्पा मारून टाकत. आपलं नाव दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून सहा वर्षं ती बिनघोर झोपली होती.

ती तडक कचेरीत गेली. "ताई, माझा शिक्का."

"कशाला गं? कागद आण, मारते मी."

"नको. यापुढे मीच मारीन."

आ-फेंग ताईंनी ड्रॉवर ओढला. "मार्चमध्ये तुझं नोकरीत कायम व्हायचं कागदपत्र येतंय," त्या हळूच म्हणाल्या. "डोकं फिरलं असेल तर तेवढ्यापुरतं जाग्यावर आण."

"जाग्यावर आहे म्हणून तर आले."

तिने उत्तरवाले, दक्षिणवाले, प्रश्न झिडकारणारे आणि मत नसलेले अशा चार पट्ट्यांचा नवा तक्ता छापला आणि खाली लाल शाईत आपला शिक्का दाबला, इतका जोरात की कागदावर खळगा पडला. दोन वाजता सर बोलायला उठायच्या आत तिने तो भिंतीला चिकटवला आणि पत्रकारांना म्हणाली, "सकाळचा अहवाल चुकीचा आहे. त्यावरचा माझा शिक्का मी मागे घेते."

भट्टी मंजूर करून घ्यायला आलेला सरकारी अधिकारी ताडकन उठला. "ही लांब पट्टी कसली?"

"भट्टी हवी का, हे आधी विचारा म्हणणाऱ्यांची."

"हे प्रश्नात नव्हतं!"

"नव्हतंच. ते का नव्हतं, ते तुम्ही सांगा."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. अधिकारी सरांकडे वळला. "लियाओ सर, ही बाई राजकारण करतेय! हा तक्ता खोटा आहे म्हणून सांगा यांना."

सरांनी चष्मा चढवला. भिंतीजवळ जाऊन चारही आकड्यांची बेरीज बोटाने करत राहिले. सु-च्युने खिशातला शिक्का मुठीत धरला.

"बेरीज बरोबर आहे," सर म्हणाले आणि तिथेच, तक्त्याशेजारी उभे राहिले.