मला माती मानवली नाही

मित्रांनो, मी एक जुना ऑर्किड आहे. ढगांत लपलेल्या एखाद्या डोंगरावर जन्मलो, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण मी जन्मलो तो प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत. त्या बाटलीत आम्ही इतके भाऊ होतो, की घुसमटीची सवय मला लहानपणीच लागली.

मोठा झाल्यावर मला पांढरी, मधोमध जांभळी फुलं आली आणि मी चकचकीत कागदात गुंडाळला जाऊन नागपूरला पोचलो. जरीपटक्यातल्या श्वेताला बढती मिळाली, तेव्हा ऑफिसने मला तिच्या हाती दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या फ्लॅटमध्ये माझं जे कौतुक झालं, ते काय सांगू! येणारा प्रत्येक पाहुणा आधी मला चिमटा काढी आणि विचारी, "प्लास्टिकचा हाय का?" ऑर्किडला याहून मोठी दाद मिळत नाही.

श्वेताचे सासू-सासरे, प्रेमिलाबाई आणि रामाजी, नुकतेच मौद्याकडच्या गावाहून तिथे राहायला आले होते. गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे रामाजींनी शेती ठेक्याने दिली होती. जन्मभर धान आणि मिरची पिकवलेला माणूस आता गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचं प्लास्टर न्याहाळत असे. "माह्या हातचं रोप आजवर मेलं नाही," असं ते कोणालाही, न विचारता सांगत. त्या फ्लॅटमध्ये मरायला रोपच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मार्चमध्ये माझी फुलं गळली. आम्हा ऑर्किडांत याचं कोणी मनाला लावून घेत नाही. फुलून झालं की आम्ही काही महिने नुसती पानं घेऊन बसतो, सुट्टीवर. पण हे कौतुक करणाऱ्यांना माहीत नसतं.

"बाबा, हे गेलं वाटते," श्वेता म्हणाली. "उद्या कचऱ्याच्या गाडीत टाकून देते."

रामाजी गुडघे विसरून उठले. "गेलं कसं? मी घरात असताना? आन त्याले इकडं."

त्यांनी मला कुंडीतून बाहेर काढलं. आत झाडाच्या सालींचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"पाहा वं प्रेमिला! याले कोणं मातीच नाही देल्ली. कचऱ्यात लावलं बिचाऱ्याले. उपाशी हाय हे!"

मग गावाहून काळी माती आली, त्यांच्या स्वतःच्या धानाच्या बांधीतली. तिची थोरवी मी नाकारत नाही. धानाला ती आईसारखी. पण आम्ही फांदीवर बसून वारा खाणारे लोक. आमच्या मुळांना हवा लागते. रामाजींनी मला त्या चिकट मातीत गळ्यापर्यंत रोवलं, वर शेणखत पसरलं आणि सकाळ-संध्याकाळ लोटाभर पाणी सुरू केलं. इतक्या प्रेमाने मला कोणीच मारलं नव्हतं.

मे महिना आला. नागपूरच्या मे महिन्याबद्दल मी काही बोलत नाही, तो स्वतःच पुरेसा बोलतो. आत माझी मुळं कुजत होती आणि वर पानं पिवळी पडत होती. मी पिवळा पडलो की रामाजी आणखी एक लोटा ओतत.

"अवो, पाण्यानं मारून राहिले तुमी त्याले," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"तुले काय समजते शेतीतलं?"

"इतकी वर्सं रोवणी कोण करत होतं मंग? तुमी त शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून बिड्या ओढत होते."

शेजारच्या पंचफुलाबाईंनी दारातूनच श्रद्धांजली वाहिली, "गेलं जी हे, रामाजीभाऊ."

त्या दिवशी रामाजी अर्ध्या ताटावरून उठले. शेत सुटलं होतं, बैल विकले होते. हातचं रोप मरत नाही एवढी एकच मिरवण्यासारखी गोष्ट त्यांनी शहरात आणली होती. आणि तीही आता माझ्यासोबत जाणार होती.

माझं एकच धड मूळ उरलं होतं. ते मी कुंडीच्या काठावरून बाहेर काढलं. शेजारी खिडकीत कूलर होता आणि त्याखालचा लाकडी स्टँड कायम ओलसर असे. मी त्या लाकडाला मूळ घट्ट चिकटवलं. मला एवढंच बोलता येतं.

कूलरमध्ये पाणी भरायला आलेल्या रामाजींनी ते पाहिलं. सोडवायला गेले तर सुटेना. ते तिथेच स्टुलावर बसले.

"प्रेमिला, आपल्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडावर, फांदीले चिकटून, दुसरीच फुलं लागत होती ना, बिनमातीची?"

"लागत होती."

"त्याइले माती कोण घालत होतं?"

"कोणीच नाही."

"मंग आपण काय करून राहिलो वं?"

"आपण नाही," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तुमी."

दुपार व्हायच्या आत माती निघाली. कुजलेली मुळं कात्रीने गेली, कापल्या जागी हळद लागली. भोकाभोकांच्या कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या भरून मला त्यात सैल बसवलं. जागा मिळाली कूलरच्या थेट झोतात नाही, तर त्याच्या कडेला, पडद्यातून गाळून येणाऱ्या उजेडात. मूळ पांढरट पडलं तर पाणी. हिरवं असलं तर काही नाही.

हे 'काही नाही' रामाजींना फार जड गेलं. ते लोटा घेऊन येत, मुळाकडे पाहत उभे राहत, आणि स्वयंपाकघरातून आवाज येई, "हिरवं हाय ना? ठेवा मंग तो लोटा."

पावसाळ्यात मी एक नवं पान काढलं. हिवाळ्यात रात्री गार झाल्या आणि मला फुलोऱ्याची आठवण झाली. दांडा निघाला, कळ्या धरल्या. रामाजींनी हे कोणाला सांगितलं नाही; शेतकरी उभ्या पिकाबद्दल बोलत नाही.

पहिलं फूल उमललं त्या सकाळी मात्र ते लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली उतरले, वाटेतलं प्रत्येक दार वाजवत. "चला जी, चला! पाहा त खरं!" घरात चपला ठेवायला जागा उरली नाही. श्वेताने फोटो काढायला फोन वर धरला आणि डोळे पुसायला खाली घेतला.

"मी त तवाच म्हटलं होतं, जगीन म्हणून," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"हो जी, आयकलं होतं आमी," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

पंचफुलाबाई हळूच घरी गेल्या आणि पदराखाली एक सुकलेला ऑर्किड घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून आणखी एक आला. आता गॅलरीतून समोरची इमारत दिसत नाही. रामाजी प्रत्येकाचं मूळ दाबून पाहतात. टणक लागलं की सांगतात, "जित्तं हाय. ठेवा."

मित्रांनो, तुमच्याही घरात फुलं गळून गेलेला एखादा ऑर्किड असेल. त्याला टाकू नका. आणि पाणी घालायच्या आधी त्याचं मूळ बघा. प्रेम तर रामाजींनी मातीत पुरतानाही भरपूर केलं होतं. मी जगलो ते मला काय हवं, हे त्यांनी वाकून पाहिल्यावर.