जवळजवळ समांतर

धाकटा भाऊ खाली आहे. सकाळी बोगदा खचला, तेव्हापासून त्याच्या हेल्मेटमधला बीपर तेवढा वाजतोय. माझ्या हातातला अँटेना त्याची दिशा दाखवतो, अंतर नाही. म्हणून दोन जागांवरून दोन रेषा काढायच्या. छेदतील तिथे हवेसाठी भोक पाडायचं.

मोजणी माझं रोजचं काम.

य = ०.५०क्ष + ३
य = ०.५२क्ष + २.४

वजाबाकी: ०.०२क्ष = ०.६. क्ष तीस मीटर.

मुकादमकाकांनी भोक पाडायचं मशीन तिकडे वळवलं.

"काका, थांबा!"

"आता काय, पोरी?"

अँटेना केसभर हलला असेल तर? ०.५२ चे ०.५३ असतील तर?

०.०३क्ष = ०.६.

वीस.

केसभर चूक, दहा मीटरचा फरक. दोन्ही रेषा एकाच गल्लीतून घेतलेल्या. हातात हात घालून चालल्यात, छेदायचं नावच नाही. शून्याने भागू नये, हे शाळेत शिकवतात. शून्याच्या शेजाऱ्याने भागलं तर भाऊ हरवतो, ते नाही सांगत.

"भोक एकच पडेल," काका म्हणाले. "दुसऱ्या हादऱ्याला उरलेलं छतही खाली येईल."

आडवी जाणारी रेषा हवी. ती फक्त पलीकडच्या तडकलेल्या गोदामातून मिळते.

"तिथे मांजरसुद्धा जात नाहीये."

"मांजराचा भाऊ नाहीये खाली."

आत.

भिंत कुरकुरते. मानेवर माती. अँटेना गुडघ्यावर टेकवला. श्वास धरला. बीप. जरा डावीकडे. वर काहीतरी कडाडलं. पळ. नाही. अजून आकडा आला नाही. बीप.

य = −२क्ष + ६३

बाहेर पडले, जमिनीवर बसूनच पहिलीशी जुळवली. २.५क्ष = ६०.

अडीच! धडधाकट आकडा. याने भागलं की केसभर चूक फार लांब पळत नाही. क्ष चोवीस, य पंधरा.

मशीन सुरू झालं आणि तेव्हा सुचलं: या रेषा हेल्मेट शोधतात. हेल्मेटमध्ये डोकं आहे का, ते कुठलंच समीकरण सांगत नाही.

पातं पोकळीत उतरलं. मशीन बंद. मी पालथी पडून भोकाला कान लावला. बीप. बीप. आता हाक मारायची. मारली आणि उत्तर आलं नाही तर?

काकांनीच मारली.

खालून खोकला. मग: "एवढा वेळ? गणितात नापास झालीस का, ताई?"

"लागलंय कुठे?"

"पाय अडकलाय. हवा येतेय पण."

"बोलत राहा," मी म्हणाले. "काहीही बोल. थांबू नकोस."